पेठेतले कापड आणि अंकातली जाहिरात : पेडणे-डिचोलीच्या कापडदुकानांचा मागोवा

पेडणे आणि डिचोली या दोन महालांच्या बोलीत 'कापड' हा शब्द दुहेरी वापराचा आहे. दुकानदाराने ताग्यावरून मोजून फाडून दिलेले ते कापड, आणि घरातल्या स्त्रीने नेसलेले लुगडे तेही कापडच. मराठी ग्रंथभाषेत पहिला अर्थ तेवढा राहिला. कोकणीत दुसऱ्या अर्थाने पहिल्याच्या बरोबरीचे आसन मिळविले. त्यामुळे एखादी वृद्धा जुन्या बाजारातल्या कापडाविषयी बोलू लागली, की त्या एका शब्दात वस्तू, दुकान आणि प्रसंग अशी तिन्ही एकदमच येतात. कोणते लुगडे कोणत्या चवथीला आले, कोणते पहिल्या बाळंतपणानंतर मिळाले, कोणत्या लुगड्याचा पदर फाटल्यावर त्याची गोधडी झाली, हे सारे ज्या पिढीला मुखोद्गत होते ती पिढी आता हळूहळू अस्तंगत होत आहे. गोमंतकाच्या इतिहासात राजवटी, तह आणि देवालये यांविषयी विपुल लिहिले गेले. कापडाचे दुकान मात्र त्या इतिहासात क्वचितच डोकावते. वास्तविक पोर्तुगीज निशाणाखाली राहून मराठी मुलखाशी नाते टिकविणाऱ्या या दोन महालांची कहाणी दुकानाच्या गादीवरून जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती कचेरीच्या दप्तरातून दिसणे कठीण आहे.

या कहाणीची सुरुवात दुकानांच्या पुष्कळ आधी होते. तिसवाडी, बारदेस आणि सासष्टी हा मुलूख सोळाव्या शतकातच पोर्तुगिजांच्या हाती गेला होता. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल त्यांनी सावंतवाडीच्या भोसल्यांकडून घेतले ते १७८१ ते १७८८ या काळात. दोन टप्प्यांमधील या दोनअडीचशे वर्षांच्या अंतराचा वेशभूषेवर फार खोल परिणाम झाला. १४ एप्रिल १७३६ रोजी गोव्याच्या इन्क्विझिशनने काढलेल्या जाहीरनाम्याने जुन्या काबिजादीतील नवख्रिस्ती प्रजेच्या अनेक चालीरीतींवर बंदी घातली. तीत पुरुषांनी हिंदूंप्रमाणे पुडवे नेसू नये आणि स्त्रियांनी चोळी घालू नये, असाही हुकूम होता. कापडावर धर्माचा शिक्का मारण्याचा हा प्रकार होय. नव्या काबिजादी पोर्तुगिजांकडे आल्या तोवर काळ बदलला होता. नव्या प्रजेच्या धर्माला आणि रीतिरिवाजांना हात लावावयाचा नाही, असे धोरण राज्यकर्त्यांनी स्वीकारले होते. पुढे १८१२ मध्ये तर इन्क्विझिशनही कायमचे बंद झाले. त्यामुळे कोलवाळची नदी ओलांडून उत्तरेस गेले, की नऊवारी लुगडे, काठाची चोळी, धोतर आणि पागोटे ही सावंतवाडी-बांद्याकडची वेशभूषा अखंड चालू असलेली दिसे. नदी एकच, पण तिच्या अलीकडे शिंप्याला सायी आणि झगे शिवावे लागत, आणि पलीकडे शिंप्यापेक्षा कापडवाल्याचेच काम अधिक असे. नेसावयाच्या वस्त्राला शिवण लागत नाही, हे येथे ध्यानी घ्यावयास हवे.

शिवणाऱ्या वस्त्रांबरोबर आलेली शब्दसंपत्ती मात्र नदी ओलांडून थेट मराठी मुलखात शिरली. आसगावच्या मोन्सिन्योर सेबास्त्यांव रुदोल्फ दालगादो यांनी १९१३ मध्ये आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा जो कोश प्रसिद्ध केला, तो या दृष्टीने चाळण्यासारखा आहे. ज्या 'फिती'ने मराठी मुलींच्या वेण्या बांधल्या गेल्या ती पोर्तुगीज 'फिता'. बटणासाठी केलेले 'काज' म्हणजे पोर्तुगीज 'काझा', अर्थात घर. बटणाचे घर ही कल्पना मूळचीच सुंदर आहे. लुगड्याची लांबी सांगताना येणारा 'वार' हा पोर्तुगीज 'वारा'शी जोडावा, असेही मत आहे. पोर्तुगीज वारा मात्र सुमारे ११० सेंटिमीटरचा आणि आपला वार इंग्रजी यार्डाइतका, म्हणजे तीन फुटांचा. ते मत ग्राह्य धरले तर महाराष्ट्राचे अत्यंत देशी मानले गेलेले 'नऊवारी' हे नाव अर्धेअधिक समुद्रमार्गे आलेले ठरते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत या भागाला लागणारे कापड प्रामुख्याने तीन वाटांनी येत असे. काही जाडेभरडे कापड गोमंतकातच हातमागावर विणले जाई. कुणबी स्त्रियांचे तांबडे चौकटीचे आखूड कापड त्याच परंपरेतले. खांद्यावर गाठ मारून ते नेसण्याची रीत शेतात वाकून काम करणाऱ्या स्त्रीच्या सोयीतून आलेली आहे. दुसरी वाट घाटावरची. बेळगावलगतच्या शहापूरची लुगडी, इलकलची इरकली आणि गुळेदगुडचे खण बैलांच्या पाठीवरून घाट उतरून खाली येत. तिसरी वाट वेंगुर्ले बंदराची, म्हणजे अंती मुंबईची. या वाटांचे परस्परांशी असलेले प्रमाण एका तहाने पार बदलून टाकले. २६ डिसेंबर १८७८ रोजी इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात झालेला व्यापारविषयक करार १८८० च्या जानेवारीत अमलात आला आणि ब्रिटिश हिंदुस्थान व गोवा यांच्यामधील जकातीची भिंत बारा वर्षांपुरती नाहीशी झाली. त्यातच १८८२ मध्ये हिंदुस्थान सरकारने विलायती सुती कापडावरील आयातकर रद्द केला. म्हणजे मँचेस्टरच्या कापडाला आधी मुंबईचे दार उघडले आणि त्याच दारातून गोव्याचेही. मांजरपाट, मलमल आणि चीट यांचे गठ्ठे खेड्यापाड्यांतून दिसू लागले. ज्याच्या घरात चरखा वा माग होता त्याचे यात काय झाले असेल, हे सांगावयास नको. करार १८९२ मध्ये संपुष्टात आला आणि जकात नाके पुन्हा उभे राहिले. पण बारा वर्षांत लागलेली गिरणीच्या कापडाची सवय काही नाक्यावर अडविता आली नाही.

गिरणीच्या या कापडाबरोबर आणखी एक वस्तू आली, आणि तिचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ताग्याच्या वरच्या घडीवर गिरणीचे वा आडत्याचे रंगीत चित्र चिकटविलेले असे. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकाला माल ओळखता यावा म्हणून विलायती व्यापाऱ्यांनी ही युक्ती काढली. लक्ष्मी, कृष्ण, हत्ती, वाघ, आगगाडी, राणी, जे जे डोळ्यांत भरेल ते ते त्या चिटोऱ्यावर छापले गेले. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत शिळाप्रेस सुरू केल्यावर देवादिकांची रंगीत चित्रे घरोघर पोचली, हे सर्वश्रुत आहे. परंतु ज्या घरात चित्र विकत घेण्याची ऐपत नव्हती त्या घराच्या भिंतीवर पुष्कळदा कापडाच्या ताग्यावरची लक्ष्मीच विराजमान झालेली असे. 'हत्ती छापाचे दे', 'वाघाचे दे', असे गिऱ्हाईक मागे. नाव वाचता न येणाऱ्यांचे हे पहिले सूचीपत्र म्हणावयास हरकत नाही.

खुद्द दुकान कसे होते? डिचोलीचा बाजार बुधवारचा, पेडण्याचा गुरुवारचा आणि म्हापशाचा शुक्रवारचा. हे तीन लागोपाठचे दिवस कापडाच्या फिरत्या व्यापाऱ्याला फार सोयीचे होते. गाठोडे एकदा बांधले की तीन बाजार करूनच सुटावयाचे. कायमची दुकाने बहुधा बाजाराच्या वाटेवर, राहत्या घराच्या ओसरीलगत असत. पुढे फळ्यांचे दार, आत उंच पाट्यावर पांढरी गादी, मागे भिंतीला कप्पे, बाजूला लाकडी पेटी आणि मोजावयाचा लोखंडी वार. गिऱ्हाईक चपला खाली काढून गादीच्या कडेला बसे. आधी पाणी, मग विचारपूस, मग पावसाची आणि भाताची चौकशी, आणि त्यानंतर कुठे पहिला तागा खाली येई. दुकानदार तागा उलगडताना तो हवेत किंचित झटकत असे. त्या झटक्याचा आवाज आणि कोऱ्या कापडाच्या खळीचा वास या दोन गोष्टी त्या काळच्या मुलांच्या आठवणीत शेवटपर्यंत राहिल्या. स्त्रिया स्वतः दुकानी जाण्याचा प्रघात सर्व घरांत नव्हता. अशा वेळी दुकानदार आठदहा लुगडी घरी पाठवून देई. माजघरात ती पसरली जात, शेजारणी येत, आणि पसंत न पडलेली परत जात. आलेल्यातून एकही लुगडे गहाळ झाले नाही, यावर दुकानदाराचा इतका विश्वास असे की पाठविताना तो नुसती संख्या लिही.

सर्व हिशेब उधारीचा. भातावर, नारळाच्या पाडपावर किंवा मुंबईहून येणाऱ्या पैशावर बाकी फेडावयाची. रोजकीर्दीत आणि खतावणीत या देण्याघेण्याची नोंद होई, आणि त्या नोंदींत घराण्यांचे सारे आयुष्य उतरलेले असे. एखाद्या खात्यावर एकाच महिन्यात शालू, धोतरजोड्या, परकराचे खण आणि पागोटे अशी मोठी रक्कम पडली, तर त्या घरी लग्न झाले असे समजावे. पुढल्या वर्षी त्याच खात्यावर मऊ मलमल आली तर बारसे. एकाएकी पांढऱ्या कापडाची नोंद आली, आणि पुढे कित्येक वर्षे त्या खात्यावर रंगीत लुगडेच लिहिले गेले नाही, तर त्या घरी काय घडले हे दुकानदाराला सांगावे लागत नसे. आलवणाचे लाल कापडही याच गादीवरून विकले गेले, हे या स्मृतिरम्यतेच्या भरात विसरून चालणार नाही. जुन्या दुकानाच्या आठवणी गोड असतात त्या बहुधा ज्यांना रंगीत लुगडे मिळाले त्यांच्या. कूळकुणब्याला गादीवर बसावयास मिळत नसे, तो अंगणात उभा राही. त्याच्यासाठी ताग्याचा झटका नव्हता. एक पंचा आणि एक कांबळे, तेही वर्षाकाठी.

देवस्थान हे या दुकानांचे फार मोठे गिऱ्हाईक. पेडण्यास दसऱ्यापासून कोजागरीच्या पुनवेपर्यंत चालणाऱ्या उत्सवात रवळनाथ-भूतनाथाची तरंगे निघतात. तरंग म्हणजे उंच काठीला लुगड्यांच्या घड्या गुंडाळून सजविलेले देवतेचे प्रतीक. देव स्वतःच लुगडी नेसतो म्हटल्यावर दसऱ्याच्या आधी पेडण्याच्या पेठेत कोणत्या रंगाचा माल भरावयाचा, हे दुकानदाराला पंचांगाइतकेच पक्के ठाऊक असे. नवसाची लुगडी आणि ओटीचे खण यांचीही मोठी खरेदी होई. जत्रेत देवीला आलेल्या वस्तूंची पावणी होते, म्हणजे जाहीर लिलाव. या पावणीतून देवीचे लुगडे पुन्हा एखाद्या घरात जाई. एकच वस्त्र दुकानातून देवळात आणि देवळातून घरात, असा त्याचा प्रवास.

आता सूचीपत्रांकडे वळावयास हवे, कारण वाचनालयाचा संबंध येतो तो येथे. ५ ऑक्टोबर १९१० रोजी पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आले आणि गोमंतकातील हिंदू समाजाला समान नागरिकत्वाचा श्वास घेता आला. त्यानंतरच्या दहावीस वर्षांत मराठी शाळा, नाट्यसंस्था आणि वाचनालये जोमाने उभी राहिली. या वाचनालयांच्या टेबलावर मुंबई-पुण्याची नियतकालिके येऊन पडू लागली. १८९५ मध्ये 'मनोरंजन' काढणारे काशिनाथ रघुनाथ मित्र हे मूळचे आजगावकर. आजगाव म्हणजे पेडण्याच्या उत्तरेस, सावंतवाडी संस्थानच्या हद्दीतला शेजारचाच गाव. १९०९ चा 'मनोरंजन'चा दिवाळी अंक हा मराठीतील दिवाळी अंकांचा आरंभ मानला जातो. पुढे किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर', १९३० पासून 'स्त्री' आणि १९३४ पासून 'मनोहर' ही मासिके निघाली. या अंकांतील कथा-कविता-लेखांविषयी वाङ्मयेतिहासकारांनी भरपूर लिहिले आहे. पण अंकाच्या पुढच्या-मागच्या जाहिरातींच्या पानांकडे कोणी फारसे पाहिलेले नाही. त्या पानांत केशतेल, घड्याळे, औषधे, हार्मोनियम यांच्या शेजारी लुगडी, पातळे, कोटांचे कापड आणि शालजोड्या यांची चित्रे असत. खाली दुकानाचा पत्ता, किंमत, टपालखर्च निराळा आणि सूचीपत्र मागवावे अशी सूचना. १९०६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने आणि टाटांसारख्यांच्या सहकार्याने मुंबईत स्वदेशी स्टोअर्स स्थापन झाले, त्यानंतर 'स्वदेशी' हा शब्द तर कापडाच्या जाहिरातीचा प्राणच झाला. पोर्तुगीज राज्यात राहणाऱ्या वाचकाचा स्वदेश नेमका कोणता, हा प्रश्न कोणत्याही सेन्सॉरला सुचण्याआधी त्याने तो कापडापुरता तरी सोडविला होता.

सूचीपत्रावरून घरबसल्या माल मागविण्याची पद्धत त्या काळी जगभर रूढ होत होती. अमेरिकेत शिकागोच्या आरन माँटगोमेरी वॉर्डने १८७२ मध्ये शेतकऱ्यांसाठी एका कागदावर छापलेल्या यादीने तिची सुरुवात केली. पुढे सीअर्स रोबकच्या जाडजूड सूचीपत्राने घराघरांत ठाण मांडले. लिस्बनमध्ये ग्रांदेला आणि शियादोची मोठी वस्त्रभांडारे होती. मुंबईत आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स आणि व्हाइटवे लेडलॉ यांची इंग्रजी सूचीपत्रे साहेबलोकांसाठी निघत, आणि ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालखात्याने १८७७ पासून व्ही.पी.ची सोय केल्यामुळे सामान्य माणसालाही माल हाती आल्यावर पैसे देता येऊ लागले. गोमंतकातील वाचकाच्या वाटेत मात्र सरहद्दीवरची जकात आडवी येई. म्हणून येथे एक निराळीच व्यवस्था रूढ झाली. मासिक वाचनालयात पाहावयाचे, लुगड्याचे नाव आणि किंमत कागदाच्या चिटोऱ्यावर उतरून घ्यावयाची, आणि गिरगावात बिऱ्हाड करून राहिलेल्या नातलगाला पत्र धाडावयाचे. तो मुळजी जेठा मार्केट वा मंगळदास मार्केटात शोध घेई आणि गणपतीला गावी येताना ट्रंकेत घालून घेऊन येई. चिटोऱ्यावर लिहिलेले आणि ट्रंकेतून निघालेले हे एकच असेल असा काही नेम नसे. त्यावरून झालेले रुसवेफुगवे हा त्या काळच्या घरगुती विनोदाचा एक हक्काचा विषय होता.

या जाहिरातींना जोड मिळाली ती रंगभूमीची. गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये स्थापन झाली आणि बालगंधर्वांनी नेसलेली शालू-पैठण्यांची तऱ्हा, चोळीचा घाट, पदराची धाटणी यांचे अनुकरण महाराष्ट्रभर कुलीन स्त्रिया करू लागल्या. त्यांची वेषभूषेतील छायाचित्रे मासिकांतून छापून येत. पुरुषाने स्त्रीवेषात कसे नेसावे हे पाहून स्त्रियांनी आपले नेसणे सुधारावे, हा आपल्या सांस्कृतिक इतिहासातील एक चमत्कारच म्हणावा लागेल. नाटकवेड्या गोमंतकात या छायाचित्रांचा प्रभाव न पडता तरच नवल. जत्रेतल्या हौशी नाटकासाठी नायिकेचे लुगडे कोणत्या घरून मागून आणावयाचे, ही चर्चा संहितेच्या निवडीइतकीच गांभीर्याने होत असे.

१९५५ पर्यंत हा प्रवाह कमीअधिक वेगाने चालू राहिला. त्या वर्षी १५ ऑगस्टला पेडणे महालातील पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला, कित्येकांचे बळी गेले, आणि भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी अधिक कडक केली. येणेजाणे थांबले. रेल्वे बंद, मुंबईची बोट बंद, घाटावरची वाट बंद. ज्या सरहद्दीवरून शहापुरी लुगडी आणि 'किर्लोस्कर'चे अंक एकाच वाटेने येत होते, तिच्यावर आता बंदुका होत्या. पेडण्याची सोयरीक प्रामुख्याने सातार्डे, आरोंदे, बांदा या बाजूची, आणि डिचोलीची दोडामार्गाकडची. तेव्हा लेक एका देशात आणि तिला न्यावयाचे चवथीचे लुगडे दुसऱ्या देशात, अशी स्थिती झाली. चोरवाटा होत्या, आणि त्या वाटांनी कापड जात-येत नव्हते असे कोणी शपथेवर सांगणार नाही.

सालाझारच्या सरकारने या नाकेबंदीला उत्तर दिले ते परदेशी मालासाठी बंदर मोकळे ठेवून. खनिजाचा धंदा त्याच सुमारास भरभराटीला आला होता. डिचोली महालातील शिरगाव, पाळी, वेळगे या भागांतील लोहखनिज मुरगाव बंदरातून जपानला जाऊ लागले, आणि परकीय चलनाच्या बळावर जपानी नायलॉन, जॉर्जेट, युरोपातले टेरेलीन, पोर्तुगालचे सुती कापड म्हापसा-मडगावच्या दुकानांतून दिसू लागले. डोंगर पोखरून माती जावी आणि तिच्या बदल्यात झिरझिरीत साडी यावी, असा हा विनिमय होता. खाणीवर रोजंदारी करणाऱ्या बाईच्या हाती प्रथमच रोख पैसा आला. दुकानदाराच्या खतावणीबाहेरचे गिऱ्हाईक त्यातून निर्माण झाले. १९५९ च्या आरंभी रुपया-टांगांचे चलन जाऊन एस्कुद आले, एका रुपयास सहा एस्कुद या दराने. दुकानदारांना तोंडी हिशेबाचे सारे पाढे नव्याने घोकावे लागले. सुती नऊवारीची आवक आटलेली, आणि पाचवारी नायलॉन मुबलक. नेसण्याची रीत बदलली ती सुधारकांच्या लेखांनी थोडी आणि नाकेबंदीने पुष्कळ. हे विधान वाङ्मयाच्या अभ्यासकांना रुचणारे नाही, पण कपाटातली लुगडी त्याला साक्ष आहेत.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. त्यानंतरच्या काही महिन्यांत देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या पाहुण्यांनी घड्याळे, पेने आणि नायलॉनच्या साड्या यांवर अशी झडप घातली की दुकानांतील साठा पाहता पाहता रिकामा झाला. मग आयात-परवान्यांचे दिवस आले आणि सरहद्दीचा व्यवहार उलट फिरला. मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांचा माल राजरोस येऊ लागला : खटावची व्हायल, बॉम्बे डाइंगच्या चादरी, कॅलिकोचे छापील, बिन्नीचे शाळकरी गणवेशाचे कापड. २४ मार्च १९६२ पासून 'गोमन्तक' हे मराठी दैनिक निघू लागले आणि १९७० मध्ये 'नवप्रभा' आला. चवथ-दिवाळीच्या सुमारास या दैनिकांतून स्थानिक दुकानांच्या जाहिराती प्रथमच नियमितपणे झळकल्या. सूचीपत्र आता मुंबईहून यावयाची गरज उरली नाही. मीटरची मोजणी आली, लोखंडी वार कोपऱ्यात गेला. मात्र 'नऊवारी' आठ मीटर तेवीस सेंटिमीटर आहे असे म्हणण्याचे धाडस कोणीही केले नाही.

पुढची हकीकत थोडक्यात सांगण्यासारखी. टेरिकॉट आले, आखातातून पाठविलेल्या साड्या आल्या, तयार कपडे आले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि ज्या गिरण्यांच्या नावावर गिऱ्हाईक डोळे मिटून कापड घेत असे त्यांतील कित्येक पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहीत. मद्रासची बकिंगहॅम-कर्नाटिक आणि अहमदाबादची कॅलिको याही शतक संपता संपता इतिहासजमा झाल्या. डिचोलीच्या पेठेवर खाणींचे सावट निराळे : २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, तेव्हा ट्रकवाल्यांबरोबर दुकानदारांचेही हात बांधले गेले. गादीच्या जागी काचेचे टेबल आले, ताग्याच्या जागी पारदर्शक पिशवी. ज्याने कापड पाहून, चुरगळून, धाग्याचा कस काढून घेतले, त्या गिऱ्हाइकाला ही पिशवी अडचणीचीच वाटते. कुणबी कापडाला तेवढे वेगळे भाग्य लाभले. कोलवाळला राहणारे विख्यात वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी त्याचा ध्यास घेऊन ते नव्याने विणवून घेतले आणि २०१२ मध्ये 'मोडा गोवा' हा गोमंतकीय वेशभूषेचा इतिहास इंग्रजीत प्रसिद्ध केला. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. नव्या काबिजादीतील नऊवारीला असा कोणी वाली अद्याप भेटलेला नाही.

आणि भेटला तरी त्याला साधने कोठून मिळणार, हा खरा प्रश्न आहे. मराठी वाचनालयांत मासिकांचे वार्षिक खंड बांधण्याची एक शिस्त होती. बारा अंक एकत्र करावयाचे, वेष्टने काढावयाची, पुढची-मागची जाहिरातींची पाने फाडून टाकावयाची आणि 'वाचनीय' मजकूर तेवढा पुठ्ठ्यात शिवावयाचा. जागा वाचे, बांधणीचा खर्च वाचे. हेतू चांगलाच होता. परंतु त्या हेतूने लुगड्यांची चित्रे, किमती, रंगांची नावे, दुकानांचे पत्ते आणि सूचीपत्रांच्या घोषणा यांची पाने शिंप्याच्या चिंध्यांबरोबर गेली. आज एखाद्या विद्यार्थ्याला १९२५ साली चांगल्या लुगड्यास काय पडत असे हे हवे असेल, तर खंडात त्याला कादंबरीचे प्रकरण सापडते, किंमत सापडत नाही. अमेरिकेत सीअर्स रोबकचे १८९७ चे सूचीपत्र १९६८ मध्ये जसेच्या तसे पुन्हा छापले गेले, आणि इतिहासाचे अभ्यासक ते तत्कालीन समाजजीवनाचे साधन म्हणून वापरतात. कॅलिको गिरणी बंद पडली, पण तिच्या मालकांनी १९४९ मध्ये स्थापन केलेले वस्त्रसंग्रहालय अहमदाबादेत उभे आहे. आपल्याकडे जे थोडे शिल्लक आहे ते न बांधलेल्या सुट्या अंकांत, माळ्यावरच्या ट्रंकांत आणि बंद झालेल्या दुकानांच्या खतावण्यांत. या खतावण्यांपैकी जुन्या मोडीत आहेत, मधल्या बाळबोधीत, आणि अंगावर टांग व एस्कुद अशी दोन्ही चलने वागविणाऱ्या तर फार थोड्या वर्षांच्या. त्या घरच्या लोकांना त्या देणेकऱ्यांच्या याद्या वाटतात, आणि जुन्या बाक्या चारचौघांत उघड्या पडू नयेत या सभ्य संकोचाने त्या जाळल्याही जातात. वाचनालयाने त्या मागून घ्याव्यात, नावे झाकून ठेवण्याची हमी द्यावी, आणि उरलेल्या सुट्या अंकांची बांधणी यापुढे वेष्टनासकट करावी, एवढे तरी शताब्दीच्या वर्षी करता येण्याजोगे आहे. पेडण्याचा गुरुवारचा आणि डिचोलीचा बुधवारचा बाजार अजून भरतो. त्या बाजारांत मांजरपाट, खण आणि आलवण हे शब्द ऐकून मान डोलावणारी माणसे अजून भेटतात, आणि खतावणीतील कोणती खूण कोणत्या कापडाची हे सांगू शकणारेही त्यांच्यातच आहेत.